दोन्हीकडची यादी

माझ्यासमोर लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. वही माझी नाही. ज्यांची आहे त्यांनी सात वर्षांत तिच्यातला एकही रकाना कोरा सोडला नव्हता. फक्त एक सोडला होता. दोन बोटांएवढा तो चौकोन, पण गेली दोन वर्षं त्याने माझ्या जिवाला घोर लावला. काल कबनूरला त्यांना भेटून आले तर घोर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, आणि आज रविवार असून मला धड जेवण गेलेलं नाही.

वही ज्यांची, ते आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने. पन्नाशीला टेकलेले, अंगाने काटक, खिशाला कायम तीन पेनं. निळं लिहायला, लाल खुणा करायला, आणि तिसरं कुणी मागितलं तर द्यायला. तिसऱ्याला टोपण नव्हतं, म्हणजे घेणारा ते विसरून खिशाला लावणार नाही, हा हिशोब.

ऑफिस उद्यमनगरात, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाच्या वर. खालून दिवसभर वॉर्निशचा वास येतो. आम्ही दहा-बारा माणसं तिथे बसून एका दूध संघासाठी जनावरांच्या नोंदी सांभाळतो. कुणाची गाय, कानातला बिल्ला कितवा, लस कधी टोचली, आजार काय. गोठे हजारोंनी, एका संगणकाचं ते काम नाही, म्हणून आठ संगणकांवर वाटून टाकलेलं. मी रुजू झाले तेव्हा नुकतीच शिकून बाहेर पडले होते आणि मला वाटायचं की मला बरंच येतं.

पहिल्या दिवशी मी पिशवी ठेवायच्या आत ते समोर येऊन उभे राहिले.

"पावणं, कोण गावचं?"

"आजरा."

"आजऱ्यात कुठलं? गावातलं का वाडीवरचं?"

मी वाडीचं नाव सांगितलं. मग घरी कोण, काका कुठल्या गावात, त्यांच्याकडे जनावरं किती, सगळं विचारून त्यांनी लाल वहीच्या मागच्या बाजूला लिहिलं. क्रमांक, नाव, कुठून आलं, कशासाठी आलं, कुणी आणलं. 'कशासाठी आलं' या रकान्यात काय लिहू म्हणून त्यांनी माझ्याकडेच बघितलं. मी म्हटलं, "नोकरीसाठी." त्यांनी मान हलवून 'शिकायला' असं लिहिलं. मला राग आला होता.

वहीच्या पुढच्या बाजूला माणसं नव्हती, क्लास होते. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक नोंद कुठल्या प्रकारची हे ठरलेलं असतं. त्या प्रकाराला क्लास म्हणतात. लसीची नोंद हा एक क्लास, आजाराची नोंद हा दुसरा. एका संगणकावरची नोंद दुसऱ्याकडे धाडायची तर तिचं गाठोडं बांधावं लागतं आणि तिकडे सोडावं लागतं. गाठोड्यात काय आहे हे तिकडच्याला कळायला हवं. त्यासाठी एक तर प्रत्येक गाठोड्यावर प्रकाराचं पूर्ण लांबलचक नाव लिहायचं, नाही तर आधीच यादी करून प्रत्येक प्रकाराला नंबर द्यायचा आणि गाठोड्यावर नुसता नंबर टाकायचा. याला आमच्या धंद्यात क्लासची नोंदणी म्हणतात. जगभर लोक हे काम दोन मिनिटांत उरकतात. आमच्याकडे त्याला मुंजीइतका वेळ लागायचा.

आमचे मालक, वयाने त्यांच्यापेक्षा लहान आणि कायम फोनवर, एकदा वैतागून म्हणाले, "कशाला एवढा घोळ? नाव लिहून जाऊ दे की."

"डेअरीत कॅनवर काय असतंय?" यांनी विचारलं. "नंबर असतोय का मालकाचा सगळा पत्ता?"

"नंबर."

"आन सत्तेचाळीस नंबर कुणाचा, ह्ये घालणाऱ्याला ठावं आन घेणाऱ्याला ठावं न्हाय, असं चालंल? दोन्हीकडं यादी सारखीच पायजे. एकीकडं नोंद करून भागत न्हाय."

'दोन्हीकडं यादी सारखी पायजे' हे वाक्य आम्ही दिवसातून दोनदा तरी ऐकायचो आणि त्यांच्या पाठीमागे एकमेकांना चहा देताना म्हणायचो. पाठीमागे त्यांचं नाव होतं नोंदणीसाहेब.

यादीत नसलेला क्लास आला की सगळं काम जागच्या जागी थांबेल अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. एका शुक्रवारी भर दुपारी तसं झालं. आठही संगणक गप्प, दूध संघातून फोनवर फोन, मालकांचा चेहरा लाल. कुणीतरी नवीन क्लास लिहिला होता आणि नोंद केली नव्हती. हे मात्र लेकाचं लग्न ठरल्यासारखे खुशीत. "दारातच अडवलं बघा. आत शिरून घोळ घातला असता म्हंजे?" त्यांनी शांतपणे नवीन नोंद यादीच्या शेवटी घातली. नवा पाहुणा नेहमी शेवटाला. आणि एखादा क्लास कायमचा बंद झाला तरी त्याची ओळ काढायची नाही. "मेलेल्या सभासदाचा नंबर दुसऱ्याला देत्यात का?" असं म्हणून ते वहीत त्या नावापुढे लाल पेनाने 'जागा रिकामी' लिहायचे.

घरी-दारीही तेच. कुलूप तीनदा ओढून बघायचे. रंकाळा तलावापर्यंत गेलेले असले तरी गॅस बंद केला का ते बघायला परत फिरायचे. चपलांच्या आत मार्करने नंबर. हेल्मेटच्या अस्तरात आधार कार्डाची झेरॉक्स. टेबलाच्या काचेखाली एक यादी होती, 'मी सापडलो नाही तर'. तिच्यात पहिलं नाव नृसिंहवाडीतल्या पेढेवाल्याचं, दुसरं कबनूरच्या बहिणीचं, तिसरं हातकणंगल्यातल्या एका पंक्चरवाल्याचं. दर पौर्णिमेला ते नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला जायचे आणि देवाच्या दारात फोन नको म्हणून तो गाडीच्या डिकीत ठेवायचे. माणूस चोवीस तास काळजी करतो आणि महिन्यातून नेमका एक दिवस सापडत नाही, याचं मला हसू यायचं.

या सगळ्याचं मूळ मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही डबा खाताना, भाकरीकडे बघत. पूर्वी ते पुण्यात एका मोठ्या कंपनीत होते. एका सकाळी नेहमीसारखे गेले, गेटवर कार्ड लावलं, तर लाल दिवा. परत लावलं, परत लाल. रखवालदार रोजचा ओळखीचा. तो म्हणाला, साहेब, यादीत नाव नाही. "आदल्या दिवशी त्येच्यासंगं चा पिलतो मी," ते म्हणाले. "त्यो मला वळखतोय, मी त्येला वळखतोय. पर यादीत न्हाय म्हंजे न्हाय." एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि ते घट्ट बसलंय का ते तीनदा बघितलं.

त्यांचा एक दोषही सांगितला पाहिजे, नाही तर हे चित्र खोटं होईल. त्यांचे नियम वहीत होते आणि डोक्यात होते, संगणकात कुठेही लिहिलेले नव्हते. विचारलं की त्यांना बरं वाटायचं, खुर्ची ओढून तासभर सांगायचे. "हे लिहून ठेवा ना फाइलमध्ये," म्हटलं की विषय बदलायचे. सगळं लिहून दिलं तर आपल्याला कोण ठेवून घेईल, ही भीती. मला ती तेव्हा दिसली नाही. मला ते नुसते आढ्यताखोर वाटायचे.

मग लम्पीची साथ आली. गायींच्या अंगावर गाठी, पाय सुजलेले, चारा बंद. आमच्या कामाला एकदम धार आली. रोज चार वाजता संगणक आपोआप जनावरांच्या मालकांना मेसेज पाठवायचा. लस झालेल्या जनावराच्या मालकाला, 'लस पूर्ण, मुदत संपल्यावर जनावर बाहेर काढण्यास हरकत नाही'. लागण झालेल्याला, 'जनावर वेगळे बांधा, डॉक्टर येत आहेत', आणि डॉक्टरांना त्याच गोठ्यांची यादी. साथ अकरा गावांत होती. हे नोंदणीसाहेब रोज सकाळी दहाला वही उघडून त्या प्रत्येक गावात एका माणसाला फोन करायचे. "जनावर कसं हाय? उठतंय का?" ऐकून वहीत लिहायचे. मालक म्हणायचे, संगणक असताना हा माणूस फोन कसले करतो?

पौर्णिमा होती. ते वाडीला गेलेले. मालक दूध संघात. मी सकाळीच यादीची फाइल आवरायला बसले. यादीच्या तळाशी दोन क्लास होते, वर लस, खाली लागण. बाकीची यादी कशीही असली तरी निदान ही दोन नावं इंग्रजी अक्षरांप्रमाणे नीट लावावीत असं मला वाटलं. दोन ओळींची अदलाबदल. अर्धं मिनिट. चाचण्या चालवल्या, सगळ्या पास. मला बरं वाटलं, घरात झाडू मारल्यावर वाटतं तसं.

फाइलमध्ये नंबर लिहिलेले नव्हते. वरून ओळ कितवी, तोच नंबर. वहीतले नंबर म्हणजे साहेबांची हौस, असं मी समजत होते. त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

दीड वाजता मी चार वाजता जायच्या मेसेजवर सहज नजर टाकत होते, तर माझ्या काकांचं नाव दिसलं. पुढे लिहिलं होतं, लस पूर्ण, बाहेर काढण्यास हरकत नाही. आदल्या संध्याकाळीच काकी फोनवर रडली होती. त्यांची गाय, कपिली, आठ दिवस उठलेली नव्हती.

मी लगेच यादी उघडली. दोन्ही क्लासची बांधणी एकसारखी होती: बिल्ला, मालक, गाव, तारीख. त्यामुळे जुन्या नंबराने बांधलेलं लागणीचं गाठोडं नव्या यादीने सोडलं तर ते तक्रार न करता लस म्हणून सुटत होतं. चाचण्यांत बांधणं आणि सोडणं दोन्ही नव्या यादीने झालं होतं, म्हणून त्या पास. मी ओळी परत जागेवर ठेवल्या, पण बारा वाजता संगणक एकमेकांना गाठोडी धाडतात, त्या फेरीत काही गावांची गाठोडी चुकीची सुटून, चुकीचीच परत बांधली गेली होती. कुठली गावं, ते कळायला मार्ग नव्हता. मेसेज थांबवावेत तर आजारी जनावरांकडे डॉक्टर जाणार नाहीत. जाऊ द्यावेत तर आजारी गायी गावभर फिरतील. आणि माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. हा शेवटचा विचार मला पहिला आला होता, हेही आता लिहून टाकते.

त्यांचा फोन डिकीत वाजत राहिला. मी काचेखालच्या यादीतल्या पहिल्या नंबरला लावला.

"आमच्या ऑफिसातले एक जण आलेत का हो तिकडे? हातात हेल्मेट घेऊन..."

"चपलांवर नंबर घालणारं न्हवं? हाईत की. घाटावर बसल्यात. थांबा, आणतो." पेढेवाल्याने फोन तसाच ठेवला. मला घंटा ऐकू येत होती. भिंतीवरच्या घड्याळात दोनला पाच कमी होते.

"बोला, पावणं."

"सर, लस आणि लागण उलटं येतंय. काकांची गाय..."

"काय बदललासा?"

"काही नाही. आपोआप झालं."

मागे कुणीतरी पाव किलो पेढे मागत होतं. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "घाबरू नगा. पर काय न बदलता काय बदलत न्हाय."

मी सांगितलं. दोन ओळी, बाराची फेरी, सगळं. मला रडू येत होतं आणि ते रागावत का नाहीत म्हणून जास्तच येत होतं.

"माझ्या खणातली वही काढा. रोजचं फोन तेच्यात हाईत. गावागणिक एक जनावर. वहीत लागण आन संगणकात लस दिसली तर त्ये गाव उलटं झालंय. तेवढीच गावं सरळ करायची."

"खणाला कुलूप आहे. किल्ली तुमच्याकडे."

"दुसरी तुमच्याच खणात हाय. मागच्या फळीला चिकटपट्टीनं लावलीया. तुमी आलासा त्या दिवशीच लावली."

मी खण ओढून हात मागे घातला. किल्ली होती. अकरा महिने मी त्या खणात बिस्किटांचे पुडे ठेवत होते.

पेढेवाल्याच्या दुकानात उभं राहून ते एकेक गाव घेत गेले आणि मी वही आणि संगणकाचा पडदा ताडून बघत गेले. बाराव्या पानावर माझ्या काकांच्या गावाचं नाव आलं. समोर फोन केलेल्या माणसाचं नाव, माझ्या काकांचं. गेले आठ दिवस रोज सकाळी दहाला, माझ्यापासून चार हातांवर बसून, ते माझ्या काकांना कपिली उठली का हे विचारत होते. मी कानात वायरी घालून बसलेली असायचे. अकरापैकी चार गावं उलटी निघाली. ती सरळ करून पुन्हा बांधून झाली तेव्हा चारला दहा मिनिटं होती. चारला मेसेज गेले. काकांकडे डॉक्टर संध्याकाळी पोचले. कपिली जगली, अंगावर व्रण राहिले आणि दूध निम्म्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी दूध संघातून कुणीतरी विचारलं म्हणे, की बारा ते चार यादी का हलत होती. मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"यादीला हात कुणी लावला?"

संगणकात कुणी काय बदललं त्याची नोंद असतेच. मालकांना ती उघडता येत नव्हती. नोंदणीसाहेबांना येत होती. ते म्हणाले, "यादी माझी हाय. जबाबदारी माझी." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मी समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होते. तोंड उघडायला मला पाच मिनिटं मिळाली होती, आणि मी ती पेल्याकडे बघण्यात घालवली.

"एका माणसाच्या वहीवर कंपनी चालवायची नाही मला," मालक म्हणाले. दोन महिन्यांत बाहेरून तयार व्यवस्था आणली आणि यांना महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. माझी नोकरी त्याच महिन्यात कायम झाली.

त्यांचा शेवटचा दिवस सोमवार होता. दाराशी अंगठा लावायचं मशीन आहे. नोंद असेल तर दार उघडतं. मी आत बसले होते. बाहेर मशीन बोललं, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." थोड्या वेळाने पुन्हा. मग तिसऱ्यांदा. कुणीतरी त्यांचा अंगठा एक दिवस आधीच काढून टाकला होता. तीनदा म्हटल्यावर बाहेर कोण आहे हे मला न बघता कळलं. मी धावत जाऊन आतून दार उघडलं.

"या ना सर."

"नगं. नोंद न्हाय." त्यांनी वही आणि खणाची किल्ली माझ्या हातात दिली. किल्ली देताना ती माझ्या मुठीत नीट गेली का ते बघितलं आणि जिना उतरले. खाली रिवाइंडिंगवाल्याशी दोन शब्द बोलले. मी वर उभी होते, मला ते ऐकू आले नाहीत.

त्या आठवड्यात मी वही चाळली. बदलांच्या पानावर पौर्णिमेची तारीख होती. काय बदललं: लस व लागण यांचा क्रम. का बदललं: क्रम हाच नंबर, हे मी फाइलमध्ये लिहून ठेवले नाही. आणि मधला रकाना, कुणी बदललं, कोरा. ज्या माणसाने बंद पडलेल्या क्लासपुढेही 'जागा रिकामी' लिहिलं, त्याने तिथे रेघसुद्धा ओढली नव्हती.

दोन वर्षं मी तो रकाना वहीत तसाच बंद करून ठेवला. काल गेले कबनूरला. ते बहिणीकडे असतात, तिच्या यंत्रमागांची व्यवस्था बघतात. चोवीस मागांवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेत. खडखडाटात बोलणं ऐकू येईना, म्हणून आम्ही बाहेर दगडावर बसलो. ते वाळलेत. मला बघून म्हणाले, "पावणं, कपिली कशी हाय?"

"गाभण आहे," मी म्हटलं, आणि वही उघडून त्यांच्यापुढे धरली. "हा एक रकाना राहिलाय."

"ऱ्हायला न्हाय. ठेवलाय. ज्याची नोंद त्येनंच करायची असती." त्यांनी खिशातलं तिसरं पेन काढून दिलं, बिनटोपणाचं.

मी माझं नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, परत वाचलं, मग तिसऱ्यांदा. मला वाटलं, आता सुटले. आता ते काहीतरी बरं बोलतील.

"मालकास्नी सांगितलासा?"

"नाही."

"मग ह्ये हितल्या हितंच ऱ्हायलं की," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, समजावून सांगायचे तेव्हाचाच तो आवाज होता. "तिकडच्या यादीत अजून माझंच नाव हाय."

त्यांनी वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली आणि आत गेले. दोन माग बंद पडले होते.

उद्या सोमवार. मालक दहाला येतात. मी साडेनऊलाच जाऊन त्यांच्या केबिनबाहेर बसणार आहे. काय बोलायचं ते ठरवलंय. दोन वाक्यं आहेत, पण दुसरं म्हणायच्या आधी ते फोन उचलतील अशी भीती वाटते. नोकरी राहील का, माहीत नाही. वही आता पिशवीत घालते. मघाशीही घातली होती, पण आहे ना म्हणून पुन्हा बाहेर काढून बघितली. ही तिसरी वेळ.